कारण न विचारता

एचआयव्ही होऊ नये म्हणून निरोगी माणसाने रोज घ्यायची गोळी आपल्याकडच्या तरुण मुलींच्या हातात देऊ नये, असं मी बरीच वर्षं मानत होते. नुसतं मानत नव्हते, बोलतही होते. आशाताईंच्या प्रशिक्षणात बोलले, ड्युटीरूममध्ये चहा पिताना बोलले आणि ज्या एका मुलीने मला सरळ विचारलं, तिच्याशीही तसंच बोलले. आता मी तसं मानत नाही. मत का बदललं ते लिहून ठेवते आहे, कारण ते जुनं मत माझं एकटीचं नव्हतं. रुग्णांवर जीव लावणाऱ्या, रात्र-रात्र उभ्या राहणाऱ्या पुष्कळ बायका आजही ते धरून आहेत आणि त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, सासर अफजलपूरचं. घरात मराठी, दवाखान्यात कन्नड, बाजारात जे समोर येईल ते. नोकरी सीमेवरच्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिकेची, तीही बहुतेक प्रसूती विभागात. आमचा तालुका भीमेच्या काठचा. ऊस आहे, तूर आहे, गाणगापूरचे दत्त महाराज आहेत आणि त्यांच्या दर्शनाला येणारी बरीच माणसं महाराष्ट्रातली आहेत. पण कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही, म्हणून माणसं बाहेर पडतात. तांड्यांवरची कुटुंबं पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात, कोणी ऊसतोडीला जातं, कोणी ट्रकवर क्लीनर म्हणून चढतं आणि चार-सहा वर्षांत ड्रायव्हर होतं. पुरुष महिनोन् महिने बाहेर असतात आणि मुली सीमेच्या अल्याडून पल्याड नांदायला जातात.

प्रसूती विभागात काम केलेल्या बाईला हा रोग वेगळ्याच वाटेने भेटतो. गावाला वाटतं, तो धाब्यावर भेटतो, लॉजवर भेटतो. मला तो भेटला पहिलटकरणींच्या रक्तात, ज्यांच्या हातात अजून लग्नातला चुडा होता. गरोदरपणात तपासणी होते ती बाईची. नवऱ्याला बोलवावं लागतं ते नंतर, आणि पुष्कळदा तो येतच नाही. कागदावर पहिलं नाव तिचं लागतं, म्हणून घरातही पहिलं बोट तिच्याकडेच जातं. ‘हीच घेऊन आली,’ असं म्हणणारी सासू मी पाहिली आहे. ज्याच्यापासून आला तो मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता, तोही पाहिला आहे.

पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होती, तिचं नाव आता बदललं आहे. करोनाच्या दिवसांत साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलेले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली तिथून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांपैकी देहविक्रय न करणाऱ्या 391 बायकांचं रक्त त्यांनी तपासलं. त्यांच्यातल्या 13.6 टक्के बाधित निघाल्या. बहुतेकींच्या आयुष्यात पुरुष एकच होता, लग्नाचा. हा अभ्यास मला नंतर कधीतरी कळला असं नाही. प्रशिक्षणात तो आम्हाला सांगितलेला होता. घरातल्या बाईला धोका घरातूनच येतो हे मला आकड्यानिशी ठाऊक होतं आणि वॉर्डात रोज दिसतही होतं. तरी तिला वाचवणारी गोळी तिला द्यायला माझा विरोध होता. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी-शेजारी कशा राहिल्या, याचा मी खूप विचार केला आहे.

विरोधामागे काही खरी कारणं होती, ती झाकत नाही. सरकारने 1 एप्रिल 2004 रोजी बाधितांसाठी मोफत औषध सुरू केलं. त्याच्या आधीचे दिवस ज्यांनी वॉर्डात काढले, त्यांच्या मनातून ते जात नाहीत. औषध जगात होतं, आमच्या माणसांपर्यंत येत नव्हतं. चांगली धट्टीकट्टी माणसं काठीसारखी होऊन गेली. त्यानंतरही बरीच वर्षं, ते औषध घ्यायला जायचं तर गुलबर्ग्याची किंवा सोलापूरची बस धरावी लागे आणि तिकिटाच्या पैशासाठी महिना चुकवणारे होते. अशा वेळी निरोगी माणसाला तेच औषध रोज द्यायचं, हे मला पाप वाटायचं. दुसरं कारण निरोधाचं. निरोध हा शब्द चारचौघांत उच्चारता यावा म्हणून आमच्या पिढीच्या परिचारिकांनी, लिंक वर्करनी काय काय ऐकून घेतलं, ते आम्हालाच माहीत. गोळी आली की पुरुष निरोध फेकून देतील, ही भीती मनात होती. 2004 साली कंबोडियातल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनी या गोळीच्या प्रयोगाला विरोध केला आणि तिथल्या पंतप्रधानांनी तो प्रयोग थांबवला, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्या बायकांचं म्हणणं होतं की प्रयोगामुळे काही अपाय झाला तर आमच्या पुढच्या उपचारांची हमी कोण देणार. मी त्यांचा दाखला देत असे, ‘बघा, त्यांनाही नको आहे.’ खरं तर त्या गोळीला नको म्हणत नव्हत्या. त्या आपली किंमत मागत होत्या. मी त्यांचं बोलणं माझ्या सोयीने वापरलं.

पण ही सगळी कारणं वरची. तळाशी एकच गोष्ट होती. चांगल्या घरची मुलगी ही गोळी मागत नाही, असं मला वाटत होतं. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्या वेगळ्या याद्या असतात, वेगळ्या संस्था असतात, वेगळे कार्यक्रम असतात. आपल्या सुना-लेकींसमोर तिचं नाव काढणं म्हणजे त्यांचा अपमान करणं. मी हे मान राखण्याच्या भावनेने मानत होते, म्हणून ते माझ्या लक्षात यायला इतका वेळ लागला.

ती मुलगी माझ्याकडे आली ती मी मराठी बोलते म्हणून. महाराष्ट्रातून नांदायला आलेली, कन्नड अजून तोंडात बसलेलं नव्हतं आणि तपासणीच्या खोलीतल्या समुपदेशक बाई कन्नड बोलणाऱ्या. शिवाय त्या खोलीच्या बाकावर बसायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पाहायचं. आमच्यासारख्या गावात खोलीचा नंबर पुरतो, पाटी वाचावी लागत नाही. ती ओपीडीची गर्दी सरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “मावशी, एक इचारू का ओ? ते रोग व्हऊ नये म्हनून एक गोळी असती म्हनं. आपल्याकडं मिळती का?”

मी विचारलं, “कोणासाठी?”

“माज्यासाठीच. मालक गाडीवर असतेत. रगत तपासून घ्या म्हनलं तर अंगावर येतेत.”

मी म्हटलं, “तुला कशाला गं असली गोळी? चांगल्या घरची तू. मालकाला घेऊन ये, दोघांचं रक्त तपासू.”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. एवढंच झालं. तिचं पुढे काही वाईट झालं आणि म्हणून माझे डोळे उघडले, असं नाही. ती ठीक आहे, आणि ठीक नसती तरच मी विचार करायला हवा होता असंही नाही. त्या वेळी मला आपण बरोबर बोललो असंच वाटलं होतं. गोळी आमच्याकडे ठेवलेलीही नव्हती, त्यामुळे दिली नाही याचा प्रश्नच नव्हता. पण ती कुठे मिळते, कशी घ्यायची, आधी काय तपासायचं, एवढं सांगायला माझं काय गेलं असतं? तिने तीन वाक्यांत स्वतःच्या धोक्याचा हिशेब माझ्यासमोर मांडला होता. नवरा बाहेर असतो, तपासणीला तयार नाही, निरोधाचं तर विचारायलाच नको. माझं उत्तर होतं, ज्याच्यापासून धोका आहे त्याला घेऊन ये. ती ज्या एका गोष्टीला घाबरून माझ्याकडे एकटी आली होती, तीच मी अट म्हणून तिच्यापुढे ठेवली.

पुढच्या वर्षी प्रसूतीनंतर टाके घालताना मला सुई टोचली. ती बाळंतीण बाधित होती आणि औषध घेत होती. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला पाठ असतं. हात साबणाने धुवायचा, जखम पिळायची नाही, आणि औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत घ्यायचा आणि मग 28 दिवस रोज घ्यायचा. माझ्या डॉक्टरांनी कागद भरला, औषध हातात दिलं. एका शब्दाने कोणी विचारलं नाही की तू नीट काम करत होतीस का, हातमोजे होते का, तू कशी बाई आहेस. विचारायला नकोच होतं. औषध आधी, बाकीचं मागाहून.

घरी आल्यावर मी ती डबी लपवली. इतकी वर्षं लोकांना ‘लाजू नका’ सांगणारी मी, डबीवरचं लेबल ओलं करून काढलं, गोळ्या कागदात बांधल्या आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवल्या. डबीत गोळ्या खुळखुळतात, तो आवाज मला घरात नको होता. पहाटे सगळे उठायच्या आत घ्यायची. मळमळ व्हायची, ती पित्तावर ढकलायची. एक दिवस मोठ्या जाऊबाईंना ती पुडी सापडली. त्या दवाखान्याच्या वाऱ्यालाही उभ्या न राहिलेल्या, पण अशा गोळ्या त्यांनी भावकीतल्या एका घरात पाहिल्या होत्या. पुडी हातात धरून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, “अक्का, ड्युटीवर सुई टोचली, म्हणून दिल्यात.” त्यांचा चेहरा सैल झाला. “अगं मग सांगायचं की,” म्हणाल्या, आणि रोज सकाळी मला गोळी घेतलीस का ते विचारायला लागल्या. त्यानंतर माझी एकही गोळी चुकली नाही.

माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण होतं. एका वाक्यात मी सुटले. त्या मुलीच्या साडीच्या घडीत पुडी सापडली असती तर तिने कोणतं वाक्य म्हटलं असतं? ‘मालक बाहेर जातात, मला भीती वाटते’ हे वाक्य म्हणजे नवऱ्यावर, आणि पर्यायाने सगळ्या घरावर, केलेला आरोप. ते न म्हणावं तर उरतं ते एकच, की तिलाच रोग आहे किंवा तीच तसली आहे. तिच्या-माझ्या धोक्यात जास्त धोका कुणाला होता, हे कुठल्याही परिचारिकेला सांगायला नको. एका सुईच्या टोचणीतून लागण होण्याची शक्यता फार थोडी असते. ती मात्र रोज त्याच घरात झोपत होती. तरीही गोळीचा हक्क मला चटकन मिळाला आणि तिला मी ‘तुला कशाला’ म्हटलं होतं.

तिथून मी नीट वाचायला लागले. या गोळीला प्रेप म्हणतात. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन अशी दोन औषधं तिच्यात असतात. अमेरिकेत प्रतिबंधासाठी तिला मान्यता मिळाली जुलै 2012 मध्ये आणि धोका जास्त असलेल्या सर्वांना ती द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही, म्हणजे नाकोनेही, तिच्यासाठी मार्गदर्शिका काढली आहे. यातलं टेनोफोविर बाधितांच्या रोजच्या गोळीतही असतं. म्हणून जाऊबाईंना फरक कळला नाही, तसा तो कुठल्याच सासूला, नणंदेला, घरमालकिणीला कळणार नाही. प्रतिबंधाची गोळी आणि उपचाराची गोळी लोकांच्या नजरेत एकच.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते दोन अभ्यासांनी. दोन्ही आफ्रिकेतले, जवळजवळ एकाच काळातले, दोन्हीत गोळी हीच. एकात केनिया आणि युगांडातली सुमारे 4,700 जोडपी होती, ज्यांच्यात एक जोडीदार बाधित होता आणि दुसरा नव्हता. 2011 साली निकाल आला. गोळी घेणाऱ्या निरोगी जोडीदारांमध्ये लागण 75 टक्क्यांनी कमी. नुसत्या बायकांचा हिशेब केला तरी संरक्षण स्पष्ट दिसत होतं. दुसरा अभ्यास दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतल्या 5,029 बायकांचा. त्याला ‘व्हॉइस’ म्हणतात. त्याचे निकाल 2015 साली सविस्तर छापून आले आणि त्यात गोळीचा उपयोग झालेला दिसला नाही. बायका सांगत होत्या, आम्ही नियमित घेतो. रक्तात पाहिलं तर दहापैकी जेमतेम तीन नमुन्यांत औषध होतं. सगळ्यात कमी औषध सापडलं पंचविशीच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या रक्तात आणि सगळ्यात जास्त लागणही त्यांनाच झाली.

संशोधकांनी पुढे या बायकांना बसवून विचारलं तेव्हा कारणं निघाली. निरोगी असताना औषध कशाला ही शंका, त्रासाची भीती, गोळी खरी की खोटी हा संशय. आणि सारखं येणारं एक कारण, घरातली माणसं पाहतील आणि म्हणतील हिला एड्स आहे. पहिल्या अभ्यासात घरात गोळी कशासाठी आहे ते दोघांनाही माहीत होतं. एक जण बाधित, दुसरा बचावाच्या वाटेवर, आणि आठवण करायला एकमेकं. दुसऱ्यात मुली एकट्या होत्या. दोन अभ्यासांत फरक एवढा एकच नव्हता, हे मी जाणते. पण जाऊबाई रोज सकाळी विचारायला लागल्यावर माझी एकही गोळी चुकली नव्हती, त्यामुळे ते वाचताना मला समजावून सांगायला कोणी लागलं नाही.

यात बायकांच्या शरीराचीही एक गोष्ट आहे, ती आमच्या प्रशिक्षणांत मोकळेपणाने सांगितली जात नाही. हे औषध योनिमार्गाच्या पेशींत कमी साठतं. म्हणून बाईला गोळी रोज, न चुकवता घ्यायला सांगतात आणि सुरुवातीचे सात दिवस सलग झाल्याशिवाय भरवसा धरू नये, असं म्हणतात. लपवून घेणाऱ्या बाईचे डोस चुकतात. पाहुणे आले, माहेरी जावं लागलं, नणंद खोलीत झोपली की त्या दिवशीची गोळी गेली. ज्या शरीराला सवलत सगळ्यात कमी, त्याच शरीराला आपण सगळ्यात जास्त लपायला लावतो.

मग मी म्हैसूरचं वाचलं. तिथे अशोदया समिती नावाची देहविक्रय करणाऱ्यांची स्वतःची संघटना आहे. त्यांनी सहाशेहून जास्त बायकांसह या गोळीचा प्रकल्प चालवला. कलकत्त्यात सोनागाचीच्या दुर्बार समितीनेही त्याच सुमारास तसाच चालवला. म्हैसूरच्या प्रकल्पात गोळ्या वाटणाऱ्या, घरोघर जाऊन आठवण करणाऱ्या, मळमळतं म्हणणारीजवळ बसणाऱ्या सगळ्या त्यांच्यातल्याच होत्या. बहुतेकींनी शेवटपर्यंत गोळी नियमित घेतली आणि प्रकल्पाच्या काळात एकीलाही लागण झाली नाही. आमच्या उत्तर कर्नाटकातही देवदासी बायकांच्या संघटनांनी निरोधाच्या बाबतीत जे करून दाखवलं ते सरकारी भिंतीवरच्या रंगवलेल्या घोषणांना जमलं नव्हतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

ज्यांच्यावर समाजाने शिक्का मारला, त्यांनी एकत्र येऊन तो पुसायला घेतला. त्यांच्याजवळ मैत्रिणी आहेत, ज्यांना सगळं माहीत आहे. ‘चांगल्या घरच्या’ मुलीजवळ असं कोणीही नाही. तिच्या चांगुलपणाचा आम्ही एवढा बोभाटा करून ठेवला आहे की तिला आपली भीती कुणाला सांगायची सोयच उरली नाही. मी ज्याला तिचा मान राखणं समजत होते, ते तिला एकटी पाडणं होतं.

गोळी मिळाली की मुली मोकाट सुटतील, असं मला आजही ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांत डॉक्टरही आहेत. हे वाक्य महाराष्ट्राने एकदा ऐकलेलं आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं तेव्हा त्यांनाही हेच सांगण्यात आलं, की गर्भाची भीती गेली तर बाईला धरबंध काय उरणार. प्राध्यापकाची नोकरी गेली, 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यातल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आज माला-डी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. आशाताईच्या पिशवीत गर्भनिरोधक गोळ्या असतात आणि ती त्या लोहाच्या गोळ्यांबरोबर काढून देते. बाईला मूल कधी हवं ते तिने ठरवावं, हे आपण निदान तोंडाने तरी मान्य केलं. रोग नको हे तिने ठरवावं, एवढ्याला आपली अजून तयारी नाही. भीतीवर उभी केलेली अब्रू मला तरी अब्रू वाटत नाही. आणि त्या भीतीची किंमत मी प्रसूती विभागात मोजली जाताना पाहिली आहे. ती नेहमी बाईनेच मोजली.

आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलं आहे. लेनाकापाविर त्याचं नाव. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 16 ते 25 वयाच्या मुलींवर त्याचा अभ्यास झाला, जून 2024 मध्ये निकाल आला. इंजेक्शन घेतलेल्या 2,134 मुलींमध्ये एकही लागण नाही. त्याच अभ्यासात ज्यांना रोजच्या गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यात लागणी झाल्या, कारण बहुतेकींना त्या रोज घेणं जमलं नाही. व्हॉइसच्या वेळी जे दिसलं होतं तेच इतक्या वर्षांनी पुन्हा दिसलं. ते वाचून मला आनंद झाला, आणि या इंजेक्शनचा स्वस्त अवतार बनवण्याचे परवाने मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो आहेत, याचा अभिमानही वाटला. 2027 पासून गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे 40 डॉलरला ते द्यायचं जाहीर झालं आहे. घरात डबी नाही, पुडी नाही, आवाज नाही. पण माझ्या काही सहकारी बायका म्हणतात, चला, आता प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही. इंजेक्शन घ्यायलाही कुठल्या तरी खोलीत जावं लागेल, आणि त्या खोलीत बसलेली बाई जर ‘तुला कशाला गं’ म्हणाली, तर सहा महिन्यांचं औषधही पाच सेकंदांत वाया जाईल.

ही गोळी सरसकट सगळ्या मुलींना द्यावी, असं माझं म्हणणं नाही. आपल्या देशात प्रौढांपैकी 0.2 टक्के लोक बाधित आहेत. बहुतेक मुलींना तिची गरज नाही आणि गरज नसताना औषध देणं ही काही सेवा नव्हे. गोळी गर्भ थांबवत नाही, गरमी-परम्यापासून वाचवत नाही, म्हणून निरोध सुटत नाही, सुटू देऊ नये. सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी हवी, मूत्रपिंडाची हवी, कावीळ-बी पाहायला हवी आणि नंतरही दर तीन महिन्यांनी तपासणी हवी. नवऱ्यांना तपासणीला आणण्याचं काम तर निम्मंसुद्धा झालेलं नाही. बाधित नवऱ्याने औषध नियमित घेऊन रक्तातले विषाणू दाबून ठेवले तर त्याच्यापासून बायकोला लागण होत नाही, हे आज पक्कं माहीत आहे, आणि तीच मोठी वाट आहे. पण त्या वाटेवर पहिलं पाऊल नवऱ्याने टाकायचं असतं. तो टाकेपर्यंत बायकोने काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि देशात 2023 साली सुमारे 68 हजार नव्या लागणी झालेल्या असताना तो लहान नाही.

मी आता नोकरीतून मोकळी झाले आहे, पण बोलावलं तर आशाताईंशी बोलायला जाते. पूर्वी मी या गोळीचा विषय ‘धोक्यातल्या बायका’ या भागात घेत असे. आता पाळणा लांबवण्याच्या साधनांबरोबर घेते, त्याच दमात, त्याच आवाजात. मुलीने विचारलं तर आधी काय काय तपासायचं ते सांगा, कुठे जायचं ते सांगा, आणि ‘कशासाठी’ हे औषधाला जेवढं लागतं तेवढंच विचारा. ती चांगली की वाईट, हे औषधाला लागत नाही. तिला एक माणूस हवं, जे रोज विचारेल घेतलीस का म्हणून. घरात नसेल तर ते तुम्ही व्हा.

हे सांगितलं की गडबड होते. कोणी म्हणतं, “सिस्टर, आम्हाला त्याच गावात राहायचंय.” ते खरं आहे आणि त्यांच्या पगाराकडे पाहता ही जोखीम त्यांच्यावर टाकणं मला सोपं वाटत नाही. मागच्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका तरुण आशाताईने हात वर केला. तिने विचारलं, “म्याडम, लग्न झालेल्या पोरीला मी हे सांगितलं आणि तिच्या सासूने मला धरलं, तर मी सासूला काय सांगू?”

मी म्हटलं, काही सांगायचं नाही. 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. कुणाच्या एचआयव्हीच्या तपासणीची, निकालाची गोष्ट तिच्या संमतीशिवाय तिसऱ्याला सांगता येत नाही. मग गोळीची तरी का सांगावी? सासूला सांगायचं की नाही, ते ती पोरगी ठरवेल.